जिरलेली ओल

आमच्या घरात 'जिरंल' हा एक शब्द फार चालायचा. पायाला लागून सूज आली, जिरंल. शेजारणीशी वाजलं, चार दिवसांनी जिरंल. अंगणात पाणी साचलं, दुपारपर्यंत जिरंल. दादांचा राग तर नेहमीच जिरायचा; तो जिरून जातो कुठे, हे कोणी विचारत नसे. मी मात्र जन्माची काळजीखोर. जिरलेली गोष्ट गेली कुठे, हा प्रश्न मला लहानपणापासून सतावायचा आणि त्यापायी मी पुष्कळ बोलणी खाल्ली. हिला सुखातसुद्धा काटा टोचतो, असं आई आल्यागेल्याला सांगायची. आता पन्नाशी उलटली, तरी कोणाच्या घरी गेले की माझी नजर आधी भिंतीच्या पायाशी जाते आणि मग माणसांकडे. मुलं हसतात. त्यांना हसू दे, पण त्याला कारण आहे, आणि ते एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

दादा, म्हणजे माझे वडील, गवंडी होते. डिंगोऱ्यात आणि आसपासच्या पाच-सहा गावांत त्यांच्या हाताला मान होता. तरुणपणी ते दगड-मातीची कामं शिकले, मग काही वर्षं पुण्यात इमारतींवर राहिले आणि तिथून सिमेंटचं प्लास्टर शिकून गावी परतले. तेव्हा आमच्याकडची बहुतेक घरं दगड-मातीचीच होती. टोमॅटोला बरा भाव मिळालेल्या वर्षी लोक नवं घर बांधण्याऐवजी आहे त्याच भिंतींना सिमेंट लावून घ्यायचे, म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला बंगला वाटायचा. ते काम दादांचं. सकाळी बादलीत थापी, रंधा आणि भिंत सरळ उभी आहे का बघायचा दोरीचा ओळंबा टाकून ते सायकलवरून निघाले की त्या लोखंडाचा खडखडाट गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायचा. त्यांची घोटाई अशी, की भिंतीवरून हात फिरवला तर कुठे खडा लागायचा नाही. घरमालक पाहुण्यांना मुद्दाम हात फिरवायला लावायचे. दादा समोर असले तर खाली बघत उभे राहायचे, पण घरी आल्यावर पाहुणा काय म्हणाला ते आईला दोनदा सांगायचे.

आमचं स्वतःचं घर मात्र बरीच वर्षं तसंच राहिलं होतं. दीड हात रुंदीच्या दगड-मातीच्या भिंती, वर कौलं. पावसाळ्यात भिंतीचा खालचा वीतभर भाग काळा पडायचा, दिवाळीपर्यंत वाळायचा आणि वाळताना त्याची माती झडायची. आई ती माती झाडून काढायची आणि दसरा-दिवाळीला पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवायची. त्या ओल्या मातीचा वास मला आवडायचा. दादांना मात्र त्याची लाज वाटायची. लोकांच्या भिंती आरशासारख्या करणारा माणूस आणि त्याच्या घरी माती झडते, असं कोणीतरी त्यांना चावडीवर चिडवलं होतं. मंगलताईचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. घर आतून-बाहेरून प्लास्टर केलं, नेहमीपेक्षा सिमेंट जास्त घालून, पाण्याच्या बापाला आत शिरता येऊ नये म्हणून. आठ दिवस घरात थापीचा चपचप आणि रंध्याचा घसघस आवाज चालला होता. मी आणि ताई सकाळ-संध्याकाळ भिंतींवर पाणी मारायचो. आईचा पोतेरा सुटला. तिनं पांढरी माती कालवायचं मडकं परसात नेऊन पालथं घातलं, आणि लग्नाला आलेल्या प्रत्येकानं भिंतीवरून हात फिरवला.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात गल्लीकडच्या भिंतीला, म्हणजे मधल्या खोलीत, जमिनीलगत एक डाग आला. गल्लीत मुरूम पडून पडून रस्ता आमच्या जोत्याहून उंच झाला होता आणि कौलांचं पाणी नेमकं त्या भिंतीच्या पायाशी पडायचं. पण हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच दिसलं, की रंगाला फुगे आले आणि ते फोडले की आतून पांढरी पिठासारखी भुकटी निघाली. बोटाला लावून मी ती जिभेवर ठेवली तर खारट लागली. आई म्हणाली, लोणा लागलाय. दादांनी तेवढा भाग खरवडून वर सिमेंटचा नवा हात दिला. दोन महिन्यांनी डाग त्या नव्या हाताच्या वर निघाला. त्यांनी तिथवर सिमेंट चढवलं. डाग आणखी वर गेला. पाटीवरच्या पेन्सिलीनं मी डागाच्या कडेला बारीक रेघा ओढून ठेवत होते, कोणाला दिसणार नाहीत अशा. पहिली रेघ माझ्या घोट्याशी होती. पुढच्या उन्हाळ्यात ती गुडघ्याच्या वर गेली, आणि उन्हाळ्यातही ती उतरली नाही, याची मला जास्त भीती वाटली.

आणखी एक खोड मला लागली होती. दादा काम संपल्यावर प्लास्टर वाजवून बघायचे. बोटाच्या पेरानं ठोकायचं. टणक आवाज आला तर प्लास्टर भिंतीला धरून आहे, बद्द आवाज आला तर आत पोकळ. मी ते त्यांच्याकडूनच शिकले होते. येता-जाता मी ती भिंत वाजवायचे. बद्द आवाज आधी एका ताटाएवढ्या जागेत यायचा, मग पाटाएवढ्या. शाळेतून आले की दप्तर टाकायच्या आधी मी तिथे जायचे. आईला सांगून बघितलं. वडिलांच्या कामाला पोरीनं नाव ठेवू नये, आणि गावात कळलं तर त्यांना कोण काम देईल, असं तिनं मला समजावलं. तरी एकदा जेवताना धीर करून मी दादांना म्हटलं, की भिंत बद्द वाजतीय. त्यांचा हात भाकरीवर थांबला. मग त्यांनी कालवणात भाकरी कुस्करली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वल हाय थोडी. जिरंल." आमच्याकडे ओलीला वल म्हणतात. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. त्यांचा पडलेला चेहरा मला बघवला नव्हता, हे खरं कारण. बाकी सगळ्या सबबी.

त्याच वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली. तिला आंबेगाव तालुक्यात अवसरी खुर्दला दिलं होतं. सासरचे लोक खाऊन-पिऊन सुखी, सासूबाई जरा कडक. बोलायच्या कमी, पण त्यांनी काही बघितलं की ते त्यांनी बघितलं हे आपल्याला कळायचं. त्यांच्यासाठी म्हणून दादांनी ताई यायच्या आधी मधल्या खोलीला कमरेएवढा हिरवा ऑइल पेंट मारला. डाग दिसेनासा झाला आणि माझ्या रेघाही. श्रावण लागता लागता ताईला मुलगा झाला. ओझरच्या गणपतीला बोललेला नारळ आई घाईघाईत वाढवून आली. दवाखान्यातून आणल्यावर बाळंतिणीची बाज कुठे टाकायची, यावर घरात चर्चाही झाली नाही. बाळंतिणीला वारा लागू नये, म्हणून खिडकी नसलेल्या भिंतीला बाज टाकायची असा आमच्याकडचा रिवाज, आणि खिडकी नसलेली भिंत एकच होती, गल्लीकडची.

त्या खोलीत त्या दिवसांत काय कोंडलेलं नव्हतं? दार लोटलेलं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि बाळंतशोपांची धुरी. दोरीवर लंगोट आणि दुपटी, पावसामुळे बाहेर वाळत नाहीत म्हणून. आई लसणाच्या फोडणीची शेपूची भाजी आणि तूप घातलेली बाजरीची भाकरी आत घेऊन यायची, सकाळी अळिवाची खीर, आणि त्या सगळ्या चांगल्या वासांच्या खाली मला एक दुसरा वास यायचा, पावसात राहिलेल्या गोणपाटासारखा. सकाळी ऑइल पेंटवर घामाचे थेंब धरलेले असायचे. सहाव्या दिवशी बाळ खोकायला लागलं. एवढुशा जिवाचा तो कोरडा खोकला ऐकून मी रात्री उठून बसायचे. अंघोळ घालायला येणाऱ्या भागूबाईंनी सांगितलं, की धुरी वाढवा. आईनं धुरी वाढवली आणि दाराच्या फटीत फडकं कोंबलं.

मी बाजेच्या कडेला बसून ताईचं लक्ष नसताना भिंत वाजवायचे. आता ती कुठेच टणक वाजत नव्हती. खालपासून माझ्या खांद्यापर्यंत बद्द. आणि डोकं भिंतीला टेकवून तिच्या कडेनं बघितलं की मध्यावर भिंतीला पोट आल्यासारखं दिसायचं. पुन्हा बघितलं की वाटायचं, नाही, आपल्या मनाचे खेळ. मी ताईला म्हटलं, बाज मधोमध ओढू. ती हसली आणि म्हणाली, वारा लागला तर आई तुझंच डोकं फोडील. कोणाला सांगावं, काय सांगावं, आणि सांगून काहीच निघालं नाही तर दादांनी कुठे तोंड दाखवावं, या विचारांनी मला जेवण जाईना. बाळ खोकलं की मी त्याच्याकडे बघण्याऐवजी भिंतीकडे बघायचे.

नवव्या दिवशी सकाळी चांगलं ऊन पडलं. दादा कामावर गेले होते, आई चुलीपाशी होती. बाळाची अंघोळ झाल्यावर मी ताईला म्हटलं, थोडा वेळ ओट्यावर बस, त्याला कोवळं ऊन दाखवू. ती बाळाला गुंडाळून बाहेर गेली. माझ्या मनात फार काही नव्हतं. प्लास्टरचा एक टवका काढायचा, आतली ओली माती दादांना हातात द्यायची, एवढंच. बोलण्यापेक्षा ते सोपं जाईल असं वाटलं. माळ्यावर त्यांची जुनी छन्नी-हातोडी होती. मी बाजेवर चढले, छन्नी भिंतीला लावली आणि पहिला घाव घातला. काही झालं नाही. दुसऱ्या घावाला हिरव्या रंगावर एक लांब चीर गेली. मी घाबरून खाली उतरले, म्हणून वाचले. प्लास्टरचा दाराएवढा तुकडा एकसंध बाजेवर आला. त्यामागून काळा चिखल घसरला, सावकाश, आणि त्या चिखलातून दोन माणसांनी उचलावा एवढा दगड सुटून उशीपाशी पडला, जिथे बाळाचं दुपटं अंथरलं होतं तिथे. बाजेचा सुंभ तटतट तुटला.

मला रडू आलं नाही. आधी बरं वाटलं, की मी खोटी नव्हते, आणि असं बरं वाटल्याचीच लगेच भयंकर शरम वाटली. आई धावत आली. तिनं आधी मला एक ठेवून दिली, मग बाजेकडे बघितलं आणि मला अशी घट्ट धरली की मला श्वास घेता येईना. ताईला आत येऊ दिलं नाही. शेजारच्यांनी निरोप धाडला आणि दादा आले, हाताला सिमेंट तसंच. त्यांनी आधी आढ्याखाली दोन वाशांचे टेकू लावले. मग भिंतीच्या भगदाडात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर माती काढली आणि दाबली. तिच्यातून पाणी निघालं. त्यांनी वरून ओळंबा सोडला. भिंत चार बोटं पुढे आली होती. दोरी गुंडाळत ते माझ्याकडे वळले.

"कवापासनं म्हाईत व्हतं तुला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मागच्या पावसाळ्यापासून.

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं व्हतं, दादा. तुमी म्हनला, जिरंल."

ते पडलेल्या दगडावर बसले. मला वाटलं आता मारतील, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. पण ते हातातल्या मातीकडे बघत म्हणाले, "जिरत न्हवती गं ती. मीच तिला कोंडून ठिवली."

ताई-बाळाला गल्लीतच राहणाऱ्या चुलत्यांकडे हलवलं. त्यांच्या घराला अजून मातीचाच लेप होता. तिथे दाराची फट उघडी राहू लागली आणि चार दिवसांत बाळाचा खोकला उतरला. दादांनी कामावर निरोप पाठवला आणि आमच्या घराचं आतलं-बाहेरचं सगळं प्लास्टर फोडून काढलं. नंतर त्यांनी गल्लीच्या बाजूची माती जोत्याच्या खाली जाईपर्यंत उकरली, चर खणून त्यात दगडगोटे भरले आणि कौलांखाली पत्र्याची पन्हळ लावून पाणी लांब सोडलं. पोटाचा भाग उतरवून पुन्हा रचला. वर सिमेंट लावलं नाही. भिंत दिवाळीपर्यंत उघडी ठेवली आणि मग चुना. ते बाळ, माझा भाचा, पुढे अवसरीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिलला गेलं. तो मला सांगतो, मावशी, मातीची भिंत जमिनीतलं पाणी ओढते आणि हवेला देते. सिमेंटनं देण्याची वाट बंद केली, ओढण्याची राहिली, म्हणून पाणी वर चढत गेलं. एका वाक्यात सांगून मोकळा होतो. आम्हाला ते वाक्य फार महागात पडलं.

पण माझी काळजी तिथे संपली नव्हती. भिंत फुटली त्याच संध्याकाळी, चिखल उपसत असताना मला आठवलं, की लग्नाच्या बोलीत दादांनी अवसरीचं घरही प्लास्टर करून दिलं होतं. तेही दगड-मातीचं, तेच जास्तीचं सिमेंट, तोच हात. मी दादांकडे बघितलं. त्यांनाही आठवलं आहे हे मला त्यांच्या फावडं धरण्यावरून कळलं. मुलीच्या बापानं विहिणीसमोर मान वर करायची नाही असे ते दिवस, त्यात हे सांगायचं. बारशाला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी देवाला सारखी विनवत होते, की त्यांना बोलायची बुद्धी दे, आणि लगेच, की नको, ताईला सासरी ऐकून घ्यावं लागेल. पुढे दादांनी प्लास्टर केलेल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. लोक त्यांना भाऊ म्हणत. काहींनी ऐकलं, काहींनी भाऊंच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणून चहा पाजून वाटेला लावलं. पण पहिलं सांगणं बारशाच्या दिवशीचं.

बारसं चुलत्यांच्या घरी होतं. विहीणबाई जीपनं आल्या, चार बायका बरोबर. आल्या आल्या त्यांनी आमच्या उघड्या भिंतीकडे बघून घेतलं. पानं मांडली, आईनं मासवड्या आणि रस्सा वाढला. जेवता जेवता एक बाई म्हणाली, की जुनं घर म्हटल्यावर पडझड व्हायचीच, पावसाला कोण काय करणार. वाट आयती मोकळी झाली होती. आईनं घाईनं मान डोलावली आणि आणखी एक मासवडी वाढली. दादा दाराशी उभे होते, ते आत आले.

"पावसानं न्हाई," ते म्हणाले. "भिंत माझ्या प्लास्टरनं कुजली. विहीणबाई, तुमच्या घरालाबी मी त्येच लावलंय."

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. ताईनं मान खाली घातली. विहीणबाईंनी हातातला घास खाल्ला, पाणी प्यायल्या आणि विचारलं, "कंची भिंत?"

"रस्त्याकडची. तिकडं मोरीचं पानी बी जातंय."

"तिथं मालक निजत्यात," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचे यजमान अर्धांगानं दोन वर्षं एका जागी होते. हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. त्या ताटावरून उठल्या, हात धुतले आणि जीपवाल्याला हाक मारली. दादांनी बादली घेतली, मी छन्नी-हातोडी घेतली, आणि पाळणा बांधलेला, बाळाला नाव न ठेवलेलं, सगळं तसंच सोडून आम्ही निघालो. ओतूर, नारायणगाव, मंचर, साऱ्या वाटेत मला आपली एकच भीती, की आपण पोचायच्या आधी ती भिंत आली असेल.

भिंत उभी होती. जीपवाल्यासकट आम्ही चौघांनी मिळून मालकांना खाटेसकट पडवीत आणलं. दादांनी ओळंबा सोडला, दोन बोटं. मग त्यांनी पहिला घाव घातला आणि आमच्या घरात निघाला तसाच काळा चिखल त्यांच्या पायांवर आला. विहीणबाई तो बघत उंबऱ्यात उभ्या होत्या, आईनं आहेर केलेलं नवं लुगडं अंगावर तसंच.

"तुमी बोलला नसता, भाऊ, तर आमाला कळलंबी नसतं," त्या म्हणाल्या.

"म्हनून तर बोलावं लागलं," दादा म्हणाले.

विहीणबाईंनी त्या नव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि चिखलाचं घमेलं उचललं.